जुना खंजीर मूळचा कुठला, हे कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वारशाने आलेला, लिलावात घेतलेला किंवा कुणी भेट दिलेला जुना खंजीर हातात आला की पहिला प्रश्न हाच पडतो: हा कुठला? उत्तर बहुतेकदा त्या वस्तूतच असतं, पण एका जागी नसतं. पातं एका मुलखातलं, मूठ दुसऱ्या आणि म्यान त्यानंतरच्या कुठल्यातरी पिढीतलं, असं इतक्या वेळा दिसतं की त्याला अपवाद म्हणता येत नाही. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांमध्ये एकच आग्रह दिसेल: खंजिराचा एकेक भाग सुटा वाचा, मग जोडा. आणि नक्षीच्या आधी घडण पाहा.

खंजीर मिळाल्यावर सगळ्यात आधी काय करावं?

काहीही घासू नका. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, लिंबू, चिंच, भांडी घासायची पावडर यांतलं काहीही पात्याला लागू देऊ नका. मूळ ठिकाण सांगणारे पुरावे पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरात असतात. जौहरदार पोलादाची (ज्यावर पाण्यासारखा नमुना, म्हणजे जौहर, दिसतो अशा पोलादाची) लहर, पुसट झालेली अक्षरं, सोन्याच्या मुलाम्याचे उरलेले कण, घडवणाऱ्याच्या कानशीच्या खुणा हे सगळं एका दुपारच्या उत्साही साफसफाईत कायमचं जातं. मऊ सुती कापडाने धूळ टिपा, आणि गंज भुरभुरत असेल तर यंत्राचं पातळ खनिज तेल बोटभर लावून ठेवा. तेवढं पुरे.

जपानी वाटणाऱ्या पात्याबाबत तर दुप्पट काळजी घ्या. त्याचा मुठीच्या आत लपलेला भाग मुद्दाम गंजलेला ठेवतात. त्या गंजाच्या रंगावरून आणि पोतावरून जाणकार वय ठरवतात. तो भाग चकचकीत केला की पात्याचा जन्मदाखलाच पुसला जातो.

इंडोनेशियाकडच्या क्रिस नावाच्या, पुष्कळदा नागमोडी खंजिराबद्दल एक इशारा आहे. त्याच्या पात्यावरचा काळा-पांढरा नमुना उठून दिसावा म्हणून त्याला परंपरेने आर्सेनिक आणि लिंबाच्या रसाचा हात देतात. हाताळल्यावर हात धुवा, आणि त्याची धूळ उडेल असं काही करू नका.

"कुठला" याचं एकच उत्तर असतं का?

क्वचित. खंजिराला निदान चार ठिकाणं असू शकतात: पोलाद कुठे तयार झालं, पातं कुठे घडवलं, मूठ आणि म्यान कुठे चढवलं, आणि तो कुठे वापरला गेला.

तुतनखामेनच्या ममीवर १९२५ मध्ये हॉवर्ड कार्टरला लोखंडी पात्याचा खंजीर सापडला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण तपासणीत त्या लोखंडात सुमारे ११ टक्के निकेल निघालं, म्हणजे ते लोखंड उल्केचं. कबर इजिप्तची, पण धातू आकाशातून पडलेला. जहांगीर बादशहाचंही असंच आहे. १६२१ मध्ये जालंधर भागात पडलेल्या उल्केच्या लोखंडापासून त्याने शस्त्रं घडवून घेतली, त्यांतला एक सुरा आज वॉशिंग्टनच्या फ्रीर संग्रहालयात आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातला, मुठीवर तीन मोठे पाचू असलेला प्रसिद्ध खंजीर उस्मानी (ऑटोमन तुर्की) सुलतान पहिला महमूद याने इराणच्या नादिरशहासाठी बनवून घेतला होता. १७४७ मध्ये नादिरशहाचा खून झाला, खंजीर पोचलाच नाही आणि परत आला. तो पोचला असता तर आज इराणी खजिन्यातली उस्मानी वस्तू म्हणून आपण तो पाहिला असता.

एवढ्या नामांकित वस्तूंची ही कथा, तर साध्या खंजिराची पाती, मुठी आणि म्यानं किती हातांतून गेली असतील! म्हणून "हा तुर्की आहे" या वाक्यापेक्षा "मूठ तुर्की पद्धतीची, पातं बहुधा इराणी" हे वाक्य जास्त खरं असण्याची शक्यता असते.

पातं, मूठ, म्यान यांपैकी कशावर जास्त विसंबावं?

वयासाठी पात्यावर, प्रदेशासाठी मुठीवर. पाती दूरवर विकली जात, लुटीत जात, मोडली तर पुन्हा घासून वापरली जात. मूठ मात्र वापरणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्याला हवी तशी, त्याच्याच भागात चढवली जाई. म्यान सगळ्यात कमी टिकतं. लाकूड किडतं, मखमल विरते, चामडं तडकतं. म्यान पात्यापेक्षा शंभर वर्षांनी नवं असलं तरी खंजीर खोटा ठरत नाही. मात्र पातं म्यानात किती नीट बसतं ते पाहा. ते आत खुळखुळत असेल किंवा वाक जुळत नसेल, तर दोघांची गाठ कुणीतरी नंतर घालून दिलेली आहे.

नुसत्या आकारावरून काय काय कळतं?

बरंच. खंजिराचा आकार हा पेहराव आणि लढण्याची पद्धत यांच्याशी बांधलेला असतो, त्यामुळे तो सहज बदलत नाही.

कट्यारीपासून सुरुवात करू, कारण ती ओळखायला सर्वांत सोपी आहे. दोन समांतर दांड्या, त्यांच्यामध्ये आडव्या पकडीच्या पट्ट्या आणि पातं थेट मुठीच्या पुढे, म्हणजे ठोसा मारल्यासारखा वार. ही रचना भारताची. पण भारतातला कुठला भाग? विजयनगर आणि तंजावरकडच्या जुन्या कट्यारींना हाताच्या पाठीवर येणारं, पानासारखं किंवा शिंपल्यासारखं कोरीव आच्छादन असतं, आणि त्यांची पाती पुष्कळदा युरोपीय तलवारींची कापून, खिळ्यांनी जोडलेली असतात. तंजावरच्या राजवाड्यातलं शस्त्रागार १९व्या शतकाच्या मध्यानंतर मोडीत निघालं. तिथल्या कितीतरी कट्यारी जगभर पांगल्या, आणि त्यांचा एक मोठा संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. उत्तरेकडच्या मोगल आणि राजपूत कट्यारींना हे आच्छादन नसतं. त्यांच्या पात्याचं टोक जाड केलेलं असतं, चिलखताच्या कड्या फोडता याव्यात म्हणून. दाबलं की पातं कात्रीसारखं उघडतं अशा कट्यारी बहुतेक १८व्या-१९व्या शतकातल्या. त्यांत लढाईपेक्षा कारागिरीची हौस जास्त दिसते.

दख्खन आणि दक्षिणेचा दुहेरी वळणाचा, सबंध धातूच्या मुठीचा खंजीर म्हणजे चिलानम. त्याच्या मुठीचा शेंडा दोन बाजूंना फाकलेला असतो. बिचव्याचं पातं त्याच वळणाचं, पण मूठ म्हणजे बोटं आत घालायचं एक कडं असतं. मराठी मुलखात आणि दक्षिणेत तो सापडतो, कधी वाघनखाला जोडलेलाही. कोडगूचा पिचांगत्ती रुंद, आखूड, एकधारी असून त्याच्या म्यानाला साखळ्यांनी लहान लहान हत्यारं लटकवलेली असतात.

इराण, अफगाणिस्तान आणि उत्तर भारत हा पट्टा जास्त गोंधळाचा. इथे पात्याचा काप पाहावा लागतो. पाठ जाड आणि सपाट, खाली पातं अचानक निमुळतं, म्हणजे आडवा छेद इंग्रजी टी अक्षरासारखा, आणि टोक सुईसारखं असेल तर तो पेशकब्ज. सरळ, साधं, एकधारी पातं आणि दोन्ही बाजूंना खिळ्यांनी बसवलेल्या मुठीच्या फाका असतील तर तो कार्द. हाच टी छेद, पण पातं हातभर लांब, आणि मूठ निम्मी म्यानात शिरणारी असेल तर खैबरच्या डोंगराळ भागाकडचा सुरा. पेशकब्ज आणि कार्द दोन्ही इराणात बनत आणि भारतातही, त्यामुळे तिथे आकार आपल्याला अर्ध्या वाटेपर्यंतच नेतो. उरलेली वाट नक्षी आणि जोडणी यांनी चालायची.

अरबी जंबियाचं पातं वाकडं, दुधारी आणि मधोमध दोन्ही बाजूंना उठलेली शीर असलेलं. ओमानच्या खंजिराचं म्यान जवळजवळ काटकोनात वळतं आणि चांदीच्या कड्यांनी पट्ट्याला बांधलेलं असतं. ओमानच्या राजचिन्हावर तोच आहे. येमेनचं म्यान टोकाला हुकासारखं वर वळतं. मोरोक्कोच्या कुमियाच्या म्यानाला वरच्या बाजूला दोन कान आणि त्यांत कड्या असतात, दोरीने खांद्यावरून लटकवण्यासाठी. इथे एक गोष्ट विसरू नये. निजामाच्या आणि मराठ्यांच्या फौजांत अरब शिपाई मोठ्या संख्येने होते, त्यामुळे दख्खनी कारागिरांच्या हातचा जंबिया सापडला तर नवल नाही. पातं अरबी वळणाचं आणि मुठीवर भारतीय फुलांचं काम दिसलं की ही शक्यता आधी तपासा.

कॉकेशसचा किंजाल लांब, सरळ, दुधारी. त्याच्या पात्यावरची पन्हळ, म्हणजे लांबीभर गेलेली खोबण, बहुतेकदा मध्यापासून जराशी बाजूला सरकलेली असते, आणि मुठीवर चांदीत काळ्या मिश्रणाचं भरणकाम असतं. दागेस्तानचं कुबाची गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. चांदीवर "८४" हा आकडा दिसला तर तो रशियन साम्राज्याचा चांदीच्या शुद्धतेचा छाप, हजारात ८७५ भाग. उस्मानी यातागानचं पातं पुढे झुकणारं आणि मुठीच्या शेंड्याला दोन मोठे कान. नेपाळच्या खुकुरीच्या पात्याला मुठीजवळ खाच असते आणि म्यानात दोन लहान सुऱ्या. क्रिसचं पातं मुठीजवळ एका बाजूला जास्त रुंद होतं. पात्याला लाटा असतील तर त्या विषम संख्येत, आणि कित्येक क्रिसना लाटा नसतातच. तिबेटी फुर्बाला तीन धारा असतात. तो पूजेचा आहे, शस्त्र नव्हे.

युरोपात नाव घेण्यासारखे बरेच आहेत, पण चार पुरेत. मुठीच्या दोन्ही टोकांना चकत्या असलेला १४व्या-१५व्या शतकातला खंजीर, इटलीचा पाच बोटं रुंद पात्याचा चिंक्वेडिया, आणि स्कॉटलंडचा, विणलेल्या दोरीसारख्या कोरीव लाकडी मुठीचा डर्क. बिनधारेची, नुसती टोचणारी बारीक सळई आणि तिच्यावर आकडे कोरलेले असतील तर ते तोफखान्याच्या माणसाचं स्टिलेटो, १७व्या शतकाच्या आसपासचं. ती मोजपट्टी तोफगोळ्यांच्या हिशेबासाठी असे.

आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांचा हातावर बांधायचा खंजीर क्रुसासारख्या मुठीवरून लगेच कळतो. तो हाताच्या आतल्या बाजूला, मूठ मनगटाकडे ठेवून बांधतात.

मूठ पात्याला कशी जोडली आहे, हे पाहून काय समजतं?

मला विचाराल तर सगळ्यात जास्त. नक्षीची नक्कल कुणीही करतं, जोडणीची नक्कल करायला फारसं कुणी बसत नाही.

भारतीय यशबी (यशब म्हणजे जेड हा दगड) किंवा स्फटिकाच्या मुठीत पात्याचा आखूड शेपटा शिरतो आणि लाख-राळेच्या मिश्रणाने घट्ट बसवतात. पात्याच्या बुडाशी काळसर-तांबूस, ठिसूळ राळ दिसली तर ती बहुधा जुनीच. पारदर्शक किंवा पिवळट, चिवट डिंक दिसला तर तो हल्लीचा एपॉक्सी. त्यावरून मूठ खोटी ठरत नाही, पण ती कधीतरी निघाली होती एवढं नक्की कळतं. पेशकब्ज आणि कार्दमध्ये शेपटा मुठीइतकाच रुंद असतो आणि त्याच्या कडा मुठीच्या दोन फाकांमधून बाहेर दिसतात. तिथे कडेला बारीक नक्षीची पट्टी आहे का ते पाहा. चांगल्या कामात ती असते. युरोपीय खंजिरात शेपटा मुठीतून आरपार जाऊन शेंड्यावर ठोकून पसरवलेला असतो. तिथे नट आणि आटे दिसले तर तो भाग अलीकडचा, किंवा नंतर दुरुस्त केलेला. जपानी पात्यात बहुधा एक भोक आणि त्यात बांबूची खुंटी. खुंटी हलकेच काढली की मूठ सुटते आणि शेपट्यावर कारागिराची सही असेल तर ती उघडी पडते.

तुमच्या खंजिराची पन्हळ टोकापाशी निमुळती न होता अचानक तुटत असेल, तर ते पातं मूळचं तलवारीचं किंवा संगिनीचं आहे. मोडलेल्या लांब पात्यातून खंजीर करणं जगभर चालत होतं. असा खंजीर खोटा नाही, त्याला दोन आयुष्यं आहेत आणि दोन्ही नोंदवायला हवीत.

पात्यावर पाण्यासारख्या लहरी आहेत. म्हणजे तो दमास्कसचा का?

बहुधा नाही. जौहर असलेलं मुशीतलं पोलाद मुख्यतः दक्षिण भारतात बनत असे. तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्यांतलं एक जाणतं ठिकाण. त्या पोलादात कार्बन सुमारे दीड टक्का. तिथून त्याच्या गोल वड्या इराण आणि पुढे पश्चिमेकडे जात आणि तिथले लोहार त्यांतून पाती घडवत. त्यामुळे जौहर पाहून पोलादाचा पत्ता लागतो, पण पातं कुणी घडवलं ते कळत नाही. इराणी इस्फहानचं पातं आणि लाहोरचं पातं दोन्ही एकाच वडीतून आलेलं असू शकतं.

शिवाय आज बाजारात मिळणारं "दमास्कस" वेगळंच असतं. दोन-तीन प्रकारचं पोलाद थरांनी जोडून, पिळून, आम्लात बुडवून नमुना उठवलेला असतो. भिंगातून पाहिलं तर फरक दिसतो. जुन्या जौहराची लहर बारीक, कणाकणांची, विस्कळित आणि पात्याच्या खोलवर गेलेली. नव्या थरांच्या रेषा जाड, एकसारख्या अंतराच्या, आणि आम्लाने उंचसखल झालेल्या, नखाला जाणवणाऱ्या. क्रिसचा नमुनाही थर जोडूनच करतात, पण त्याची जुनी परंपरा आहे. तिथे निकेलयुक्त थर चांदीसारखे उजळ दिसतात.

पात्यावर अक्षरं किंवा आकडे आहेत. तारीख कशी काढायची?

आधी तो आकडा तारीखच आहे का ते तपासा. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर ठिपक्यांनी ठोकलेली देवनागरी अक्षरं आणि आकडे असतात, त्या शस्त्रागाराच्या नोंदी असतात. त्यांतल्या काही हत्यारांवर दख्खनमधल्या आदोनीचा उल्लेख आहे, कारण १६८९ मध्ये महाराजा अनुपसिंहाने आदोनी जिंकल्यावर तिथली शस्त्रं बिकानेरला नेली. अशी नोंद असेल तर तुमच्या हातात दुर्मीळ गोष्ट आहे: वस्तूचा लिखित प्रवास.

हिजरी सन असेल तर ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. उदाहरणार्थ १२२० हिजरी म्हणजे साधारण १८०५. विक्रम संवतातून ५७ वजा करा आणि शक सनात ७८ मिळवा. एका-दोन वर्षांचा फरक धरूनच चाला. फारसी आणि अरबी लिखाणात ४, ५, ६ हे आकडे वेगळ्या आकाराचे असतात, त्यामुळे तो आकडा कुणी कोरला याचाही थोडा अंदाज येतो.

एक खूण मात्र वारंवार तारीख समजली जाते: चार घरांचा लहान चौकोन आणि प्रत्येक घरात २, ४, ६, ८ किंवा त्यांची अरबी अक्षरं. तो "बदूह" नावाचा ताईत आहे, मालकाच्या रक्षणासाठी कोरलेला. इराण, तुर्कस्तान आणि भारत इथल्या पात्यांवर तो सापडतो आणि सालाशी त्याचा काही संबंध नाही.

अक्षरांपुढे "अमल" असा शब्द वाचला गेला तर त्यानंतर येतं ते घडवणाऱ्याचं नाव. देवनागरी, मोडी, गुरुमुखी, फारसी, तमिळ, जावी (मलय भाषेसाठी वापरलेली अरबी लिपी), जॉर्जियन यांपैकी लिपी कुठली एवढं जरी ठरलं तरी शोधाचा नकाशा लहान होतो. वाचता येत नसेल तर अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नका. दिवा पात्याला अगदी समांतर धरून फोटो काढा.

"असदुल्ला इस्फहानी" असं नाव आहे. खूप मौल्यवान असेल ना?

त्या नावाने फार लोकांना भुलवलं आहे. इराणचा बादशहा शाह अब्बास याच्या काळाशी जोडलं जाणारं हे नाव पुढच्या दोन-अडीच शतकांत इराणात आणि भारतात असंख्य पात्यांवर कोरलं गेलं, उत्तम पोलादाची हमी म्हणून. पातं खरोखर उत्तम असू शकतं. नाव आणि हात मात्र वेगळे. नावापेक्षा पोलादाचा जौहर, अक्षरांची सफाई आणि सोनं भरण्याची खोली यांवर निर्णय घ्या.

युरोपीय शिक्का दिसतोय. म्हणजे पातं युरोपचंच?

तेवढ्यावरून सांगता येत नाही. जर्मनीतल्या पासाउच्या धावत्या लांडग्याच्या शिक्क्याची नक्कल इतर गावच्या लोहारांनी केली. उत्तर इटलीतल्या पात्यांवरचे पापण्यांसारखे दोन कमानदार, दातेरी ठसे कॉकेशस आणि भारतातही कोरले गेले. शिक्का ही कारागिराची सही असते, तशीच ती त्या काळची जाहिरातही असते. खरा ठसा बहुतेक एका घावात खोल आणि स्वच्छ बसलेला असतो, तर नक्कल पुष्कळदा टाचणीने ओरखडून पूर्ण केलेली दिसते.

सोन्याची नक्षी आणि जडावाचं काम प्रदेश सांगतं का?

हो, आणि इथे तपशील फार बोलका आहे. भारतीय जडावात कुंदनकाम असतं. शुद्ध सोन्याची पानं रत्नाभोवती दाबून बसवतात, त्यामुळे रत्न थेट यशबाच्या किंवा सोन्याच्या पृष्ठभागात रुजल्यासारखं दिसतं. उस्मानी कामात रत्नाला स्वतंत्र उठावाचं कोंदण असतं, पुष्कळदा फुलाच्या आकाराचं. घोडा, मेंढा किंवा नीलगाय यांच्या डोक्याच्या आकाराची यशबाची मूठ ही मोगल दरबाराची ओळख. त्यांतल्या उत्तम मुठी १७व्या शतकातल्या आहेत, आणि पुढे त्यांच्या नकला सतत होत राहिल्या. खऱ्या कामात कान, नाकपुडी आणि मान यांच्यात स्नायूंची समज दिसते.

पोलादावर सोनं कसं बसवलंय तेही पाहा. कोफ्तगिरीत पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक रेघा ओढून त्यावर सोन्याची तार ठोकतात. सोनं झिजलेल्या जागी ती जाळी भिंगातून स्पष्ट दिसते. तहनिशानात आधी खोबण कोरून सोनं भरतात, ते जास्त टिकतं. काळ्या जस्ताच्या मिश्रधातूत चांदी भरलेली मूठ बीदरच्या परंपरेकडे बोट दाखवते. उभे राहिलेले, जवळजवळ सुटे प्राणी आणि पक्षी, त्यावर माणिक, असा तांब्याचा सोनेरी मुलामा दिलेला खंजीर दख्खनच्या सलतनतींचा. विजापूरच्या अली आदिलशहाच्या चित्रांत कमरेला असाच खंजीर दिसतो.

चित्रांचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो: लघुचित्रं हा तारखेचा फार विश्वासाचा पुरावा आहे. चित्राचा काळ माहीत असतो आणि चित्रकार दरबाऱ्याच्या पट्ट्यातला खंजीर मन लावून रंगवतो. आईन-ए-अकबरीतही शस्त्रांची यादी आणि चित्रं आहेत. संग्रहालयांच्या ऑनलाइन सूचींच्या जोडीला चित्रांचे संग्रह पाहण्याची सवय लावून घ्या.

मूठ हस्तिदंती आहे की हाडाची?

भिंग आणि चांगला उजेड पुरतो. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. वॉलरसच्या दाताचा गाभा गारगोट्या दाबून भरल्यासारखा, ठिपकेदार. वॉलरसच्या मुठी इराण, तुर्कस्तान आणि उत्तर भारतात मोलाच्या मानत. हाडात बारीक काळे बिंदू किंवा रेघा असतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. प्लास्टिकमध्ये यांतलं काहीच नसतं, किंवा एकसारख्या समांतर रेषा असतात. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला मिळेल, तो मानू नका. त्याने मुठीला कायमचा डाग पडतो.

दात किंवा गेंड्याचं शिंग असेल तर कायद्याचाही प्रश्न येतो. येमेनच्या कितीतरी उंची जंबियांच्या मुठी गेंड्याच्या शिंगाच्या असतात. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय करारानुसार हत्तीचे दात आणि गेंड्याचं शिंग यांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारावर कडक बंधनं आहेत. वस्तू जुनी असली तरी कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही. विकण्या-नेण्याआधी तुम्ही राहता तिथला कायदा विचारून घ्या, आणि तो शस्त्र, पुरावस्तू आणि वन्यजीव या तिन्ही अंगांनी विचारा.

पर्यटकांसाठी बनवलेला खंजीर कसा ओळखायचा?

पात्यावर किंवा मुठीवर रोमन अक्षरांत "इंडिया" असा ठसा असेल तर तो निर्यातीचा माल. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर असे ठसे आले. पितळी मुठीवर साच्याची शिवण, पात्यावर यंत्राच्या चाकाच्या समांतर रेघा, बिनधारेचं हलकं पातं, आणि सगळीकडे सारखाच काळपटपणा, या आणखी खुणा.

खरी झीज असमान असते. अंगठा टेकतो तिथे, म्यानाच्या तोंडाशी, पट्ट्याला घासणाऱ्या बाजूला नक्षी गुळगुळीत होते आणि खाचांत जुना मळ घट्ट बसतो. आम्लाने आणलेला गंज नारिंगी, एकसारखा आणि लहान खड्ड्यांचा, तर जुना गंज तपकिरी-काळा आणि ठिकठिकाणी वेगळा.

तरीही १९व्या शतकात प्रदर्शनं आणि पाहुण्यांसाठी बनलेल्या वस्तूंना तुच्छ लेखू नये. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात भारतीय शस्त्रं मांडली होती. १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट मिळालेली शस्त्रं ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहेत, आणि कुठल्या दरबाराने काय दिलं याची नोंद असल्यामुळे तुलनेसाठी ती सोन्यासारखी आहेत.

घरात सांगितली जाणारी कथा पुरावा धरता येते का?

धागा म्हणून धरा. "पणजोबांना लढाईत मिळाला" या वाक्यातलं गाव, पलटण, साल, नातं लिहून काढा आणि मग वस्तूशी ताडून पाहा. जुना फोटो, वारसापत्र, विमा किंवा लिलावाची पावती यांतलं काही सापडलं तर ते खंजिराइतकंच जपा. कथा आणि वस्तू जुळत नसतील तर विश्वास वस्तूवर ठेवा, पण कथा फेकू नका. पुष्कळदा ती त्याच घरातल्या दुसऱ्या एखाद्या वस्तूची असते.

प्रयोगशाळेत नेऊन पक्कं उत्तर मिळेल का?

प्रश्न नेमका असेल तर मिळतं. क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण कळतं. पितळ, जस्त, निकेल, आधुनिक क्रोम ओळखू येतात. क्ष-किरण चित्रात मुठीच्या आतला शेपटा, मोडतोड आणि सांधे दिसतात, आणि तेही मूठ न उघडता. लाकूड, दात, चामडं यांचं वय कार्बनवरून काढता येतं, पण नमुना कापावा लागतो आणि गेल्या तीनेकशे वर्षांतल्या वस्तूंसाठी ते उत्तर फार ढोबळ येतं. "हा कुठला?" असं नुसतं विचारून प्रयोगशाळेकडे जाऊ नका. "ही मूठ आणि हे पातं एकाच काळातलं आहे का?" असं विचारा.

जाणकाराला दाखवायचा तर फोटो कसे काढावेत?

खंजीर म्यानाबाहेर काढून साध्या करड्या कापडावर ठेवा, शेजारी मोजपट्टी. पूर्ण लांबीचा फोटो दोन्ही बाजूंनी, मग पाठ वरून, पात्याचं टोक, पात्याचं बूड, मुठीचा शेंडा, मुठीच्या आतली बाजू, म्यानाची मागची शिवण आणि तोंड. खुणा आणि अक्षरं दोनदा घ्या, एकदा सरळ उजेडात आणि एकदा तिरप्या. फ्लॅश बंद ठेवा. पात्याची लांबी, बुडाशी रुंदी आणि जाडी, वजन हे लिहून पाठवा. विक्रेत्याने दिलेलं नाव आणि काळ मात्र लगेच सांगू नका. जाणकाराने आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.

शेवटी निष्कर्ष कसा लिहून ठेवावा?

भागाभागाने, आणि प्रत्येक भागापुढे कारण. "पातं: मुशीचं पोलाद, टी छेद, इराण किंवा उत्तर भारत, १८वं शतक. मूठ: वॉलरस, खिळ्यांची जोडणी, कडेची सोन्याची पट्टी भारतीय. म्यान: १९व्या शतकाचा उत्तरार्ध, मखमल नंतरची." निश्चित, बहुधा आणि शक्य हे तीन शब्द जपून, वेगवेगळ्या ठिकाणी वापरा. नोंदीवर तारीख घाला आणि ती खंजिरासोबत ठेवा, पण म्यानात पातं घालून नव्हे. चामड्यातल्या आम्लाने आणि धरून राहिलेल्या ओलाव्याने पातं गंजतं, म्हणून पातं तेलाचा हात देऊन, वेगळं, आम्लमुक्त कागदात गुंडाळून ठेवा.